एक मिनिट, हलू नको

जयगड रोड, रत्नागिरी
२ मार्च २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. म्हणजे जसं होतं तसं आहे. तू फोन उचलत नाहीस, माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, तेव्हा तू मला ब्लॉक केलं आहेस हे माझ्यासारख्या मठ्ठ मुलीलाही शेवटी कळलं. पोस्टमनला काही तुला ब्लॉक करता येणार नाही. लग्नानंतर तू चिपळूणहून आईला साडी पाठवली होतीस, त्या खोक्यावर तुझा पत्ता होता. दादाने ते परत पाठवायचं म्हणून माळ्यावर टाकलं आणि विसरून गेला. साडी चांगली आहे. निळा रंग तिला शोभेल.

तू बरी आहेस ना? शुभंकरभाऊजी बरे आहेत ना? आंब्याला यंदा मोहोर उशिरा आला. तुळसाकाकींच्या कोंबड्या आपल्या पडवीतच राहायला आल्यासारख्या आहेत. आणखी काय लिहू? मी चित्रकलेच्या कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसते आहे. हसू नकोस. दीप्ती भिंतींनाही सोडत नाही, असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचीस.

आठवड्यातून तीन वेळा रत्नागिरीत गुरुप्रसाद सरांच्या क्लासला जाते. सर फार कमी बोलतात आणि जे बोलतात ते बहुतेक खोडरबराच्या विरोधात असतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं खोडरबर आपल्या खिशात घातलं, अजून दिलेलं नाही. आमचा मुख्य अभ्यास म्हणजे रॅपिड स्केच. फोनवर एक मिनिटाचा टायमर लावायचा, समोरच्या माणसाकडे बघायचं आणि पेनने सरळ काढायला लागायचं. आधी पाठीचा कणा, मग खांदे, मग शरीराचा भार कुठल्या पायावर आहे ते. चेहरा सगळ्यात शेवटी. एका मिनिटात चेहऱ्यापर्यंत कोणी पोचत नाही. टिंग वाजलं की हात वर, कितीही अर्धवट असलं तरी पान उलटायचं आणि पुढचा माणूस घ्यायचा. परीक्षेत आठवणीतून प्रसंग काढायला सांगतात, त्यात माणसं भराभर यायला हवीत, म्हणून हे.

मी एसटी स्टँडवर बसते. तिथे माणसं फुकट मिळतात आणि गाडी लागली नसेल तर थोडा वेळ टिकतात. परवा एक आजोबा माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"पंचायतीची काय गो तू?"

"नाय आजोबा, चित्रं काढतंय."

"मग मगाधरनं माजा काढतंस तो दाखव बघू."

मी दाखवलं. त्यांनी वही लांब धरली, जवळ धरली.

"बाकी सगळा बरा हाय. पन माजा तोंड कुठं?"

"वेळ संपला आजोबा."

"माजा काय तुजा?" असं विचारून ते पावसच्या गाडीत चढले.

दिवसभरात मला हसू आलं ते तेवढंच. पण मला हे काम आवडतं, ताई. कारण सांगू? एका मिनिटात काही वाटायला वेळ मिळत नाही. म्हातारी बाई डोक्यावरची पाटी उतरवते आहे, तिचा खांदा कुठे, कोपर कुठे, झालं, टिंग. तिचं काय दुखत असेल हे मनात यायच्या आत पान उलटलेलं असतं. मी दिवसभर असं करू शकते. घरी आल्यावरही करते.

घरी आई असते. पडवीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली असते, तोंड बेड्याकडे, अंगणाच्या फाटकाकडे. सकाळी बसते ती बसतेच. जेवण पुढे ठेवलं तर जेवते, आंघोळीला चल म्हटलं तर येते. बोलत नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत, त्या मी देते. वाडीत आईबद्दल म्हणतात, प्रेमला पोराच्या मागे गेली, नुसतं शरीर राहिलं. माझ्यासमोरच म्हणतात. मला त्याचंही काही वाटत नाही.

एकदा सराव राहिला होता म्हणून तिच्यासमोर पायरीवर बसले आणि म्हटलं, "आये, एक मिनिट हलू नको हां." सांगायची गरजच नव्हती. आई हलत नाही. स्टँडवरची माणसं खाजवतात, वळतात, उठून जातात. आईसाठी मी टायमर लावते तो नुसता सवयीने. एक झालं की दुसरं, मग तिसरं. काळोख पडेपर्यंत मी काढत बसते आणि ती बसून असते. आमचं दोघींचं बरं चाललं आहे.

दादाला जाऊन एक पावसाळा आणि एक हिवाळा झाला. बंदरावरची ड्युटी संपवून येताना चिऱ्याच्या खाणीजवळच्या वळणावर तांबड्या चिखलात बाईक घसरली. तुला हे माहीत आहे, तरी लिहिलं. लिहिताना काही होतंय का ते बघत होते. झालं नाही.

दादाच्या जलदान विधीच्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही. तुला एक विचारायचंही होतं, तेही आज नको.

तुझी,
दीप्ती


जयगड रोड
२७ एप्रिल २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

तुझं उत्तर आलं नाही. पोस्टमनला विचारलं तर तो म्हणाला, हल्ली पत्रं फक्त बँकेची येतात. पण माझं पत्रही परत आलं नाही, म्हणजे तू ते घेतलंस. मला तेवढं पुरे आहे.

परीक्षा झाली. बरी गेली असावी. आठवणीतून काढायला विषय होता, रेशन दुकानासमोरची रांग. मला कपाळाला हात लावावासा वाटला, इतका सोपा. इतके दिवस स्टँडवर केलं काय होतं मी? पाटीवाली बाई, काठीवाले आजोबा, बाळ खाकोटीला मारून उभी असलेली बाई, सगळे एकामागून एक येऊन उभे राहिले. रांगेच्या शेवटी थोडी जागा उरली. तिथे एक तरुण माणूस काढला. भार डाव्या पायावर, उजवा गुडघा सैल, हेल्मेट काखेत. काढून झाल्यावर कळलं की हा आपला दादा आहे. तो असाच उभा राहायचा, आठवतं? तुझ्याशी भांडतानासुद्धा असाच उभा होता. मी ठरवून काढला नव्हता, हाताने काढला. चेहरा काढायला घेणार तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली आणि सवयीने माझा हात वर गेला.

बाहेर येऊन सरबत प्यायले. कोकम. गोड होतं फार.

आता जे झालं ते सांगते. परीक्षेच्या आधी सरांनी सगळ्या वह्या मागितल्या होत्या. माझी चाळता चाळता ते आईच्या चित्रांवर थांबले. पुष्कळ पानं आहेत तिची.

"हे मॉडेल कुठून आणलंस?"

"आई आहे, सर."

"छान बसते."

मी म्हटलं, "सर, ती बसत नाही. ती तशीच असते. माझा भाऊ गेल्यापासून तिला काही कळत नाही."

सरांनी दुसरी वही उघडली आणि स्टँडवर बाकावर झोपलेला एक माणूस शेजारी ठेवला. म्हणाले, "तूच काढली आहेस दोन्ही. बघ. याचं अंग खाली सुटलंय, पोट, हात, मान, सगळं. ज्याला कशाचं भान नसतं तो असा दिसतो. आणि ही बाई बघ. मान उचललेली. हाताची बोटं मांडीवर नीट ठेवलेली. प्रत्येक पानावर त्याच जागी. दीप्ती, हे नुसतं बसणं नाही. ही बाई तुझ्यासाठी बसते आहे. शिकलेल्या मॉडेललासुद्धा इतकं धरून ठेवता येत नाही."

मला वाटलं, सरांना काय माहीत आमच्या घरातलं. तरी दुसऱ्या दिवशी मी आईला सांगितलं की क्लासला जाते आहे, बेड्यातून बाहेर पडले, मागच्या परसातून आत आले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. टायमर बंद ठेवला.

ताई, ती हलत होती. आधी तिने पाय पुढे ताणून गुडघे चोळले. मग पडवीत आलेल्या कोंबडीला "हाड" म्हणून हाकललं. आवाज काढून. उठली, दोरीवरचा माझा कुर्ता वाळला का ते चाचपून बघितलं, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला. तुळसाकाकी अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून गेल्या तेव्हा मात्र पुन्हा बसली आणि तोंडात मिठाची गुळणी धरून राहिली. मी खिडकीत उभी राहून दोन-तीन पानं काढली. माझी आत्तापर्यंतची सगळ्यात वाईट चित्रं आहेत ती. एकही रेषा सरळ नाही.

मग पुढून घरी आले. माझ्या चपलांचा आवाज आला आणि तिने मान उचलली, बोटं मांडीवर ठेवली, झाली तयार.

मला राग आला, ताई. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ते हे होतं. मी हिच्यापुढे जेवण ठेवते, केस विंचरते, रात्री हिचा श्वास चालू आहे ना म्हणून उठून बघते, आणि ही कोंबड्या हाकलते आहे. मी तिला काही बोलले नाही. वहीच काढली नाही त्या दिवशी. ती वाट बघत बसली होती, मी आत जाऊन भांडी घासली. मग राग गेला आणि पुन्हा आधीसारखं झालं.

निकाल लागल्यावर कॉलेज मुंबईला मिळेल असं सर म्हणतात. तुळसाकाकी म्हणतात, दोन वेळचा डबा मी देईन, पण रात्रंदिवस माझ्याच्याने व्हायचं नाही. त्यांचंही बरोबर आहे. मी तुला काय विचारणार आहे हे आतापर्यंत तुझ्या लक्षात आलं असेल. तू आधीपासूनच हुशार. तरी मी आज विचारत नाही, कारण विचारलं आणि तू नाही म्हणालीस तर पुढे काय, हे मला ठरवता येत नाही.

भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
दीप्ती


जयगड रोड
२९ जून २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जय भीम.

मला मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. हॉस्टेलही मिळालं आहे. पुढच्या सोमवारी तिथे हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. सरांनी खोडरबर परत दिलं. म्हणाले, आता तुला लागणार नाही.

आईला सांगायला घाबरत होते. पडवीला ताडपत्री बांधली आहे, खुर्ची थोडी आत घेतली आहे, बाकी तिचं बसणं तेच. काल दुपारी मी वही घेऊन पायरीवर बसले. तिने बोटं मांडीवर ठेवली. मी टायमर लावला, पण पेन उघडलं नाही. नुसती बघत राहिले. टिंग वाजलं. ती तशीच. मी पुन्हा लावला. पुन्हा टिंग. मग मी वही मिटून खाली ठेवली आणि विचारलं.

"आये, तू हालत का नाय? मी बघितलंय तुला. कोंबड्या हाकलतंस, दोरीवरचे कपडे काढतंस. माज्यासमोरच का दगड होतंस?"

ती म्हणाली, "मी हालले की तू उठतंस."

इतक्या महिन्यांनी ती माझ्याशी बोलली. आवाज घोगरा झाला आहे, घसा खाकरत बोलत होती.

"गप बसले म्हंजे तू समोर बसतंस. एक झाला की दुसरा काढतंस. जरा हालले तर वही घेऊन जाशील कुठंतरी." मग दादाच्या शेवटच्या दिवसाचं म्हणाली, "अभयला म्हटला, चाय पिऊन जा, बस जरा. बसला नाय. उभ्यानं अर्धा कप प्याला नि गेला."

मी म्हटलं, "आये, अशानं माणसं थांबत नाहीत."

"म्हाईत हाय," ती म्हणाली आणि तुझं नाव घेतलं. "श्रद्धी आली व्हती ना, तवा पन मी हालले नाय. माज्या म्होरं बसली व्हती ती. वाटला, मी हालले नाय तर बसंल. पन उठली."

ताई, ज्याबद्दल लिहिणार नव्हते ते आता लिहिते. जलदान विधीला तू आलीस. भन्तेजींचं वंदना-सूत्र चाललं होतं. तू चटईवर आईच्या अगदी समोर बसलीस. पांढरी साडी होती तुझी. तू दोनदा "आई" म्हणालीस, ती तुझ्याकडे बघेना. दादाने तुला उंबरा बंद केला होता, आपल्यातला मुलगा नाही म्हणून, आणि आईने त्याचं ऐकलं होतं. त्यामुळे तुला वाटलं, दादा गेला तरी हिचं मन बदललं नाही. मलाही तसंच वाटलं. सगळ्या वाडीला वाटलं, प्रेमलाने लेकीला ओळख दिली नाही. तू पाणी न पिता उठलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मी तुला थांबवलं नाही, मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं, तू गेलीस त्याचंसुद्धा.

ती तुला धरून बसली होती, ताई. तिला दुसरं काही करता येत नाही. हात पुढे करणं, थांब म्हणणं, हे सगळं तिने दादावर खर्च केलं आणि ते कामी आलं नाही. तेव्हा तिने हे शोधून काढलं. न हलणं. मी तिची इतकी चित्रं काढली, खांदे, मान, बोटं, आणि मला हे दिसलं नाही. मला वाटायचं ती संपली. तुला वाटलं तिने तुला टाकलं.

मग मी तिला मुंबईचं सांगितलं. सगळं सांगितलं, तुला बोलावते आहे तेसुद्धा. तिने ऐकून घेतलं. हो नाही, नाही नाही. मी आत जाऊन भात लावला. मला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही, पण भातात मीठ दोनदा पडलं आणि दोघींनी तो तसाच खाल्ला.

आता विचारते. तू येशील का? कायमची ये असं म्हणत नाही. मला सुट्टी लागेपर्यंत तरी ये, नाहीतर तिला तुझ्याकडे ने, ती कुठे बसते आहे याने तिला फरक पडत नसावा, समोर माणूस हवं. तुला चित्र काढता येत नाही हे मला माहीत आहे, तुझा बैल आणि तुझी मांजर एकसारखी दिसायची. काढायची गरज नाही. नुसतं बसायचं. ती तुझ्याकडे बघणार नाही, बोलणार नाही, पहिले काही दिवस तर नाहीच. तेव्हा उठू नकोस. एवढंच शिकवायचं होतं तुला, म्हणून इतकं लांबण लावलं.

भाऊजींनाही आण. आता अडवणारं कोण आहे, असं लिहिणार होते, पण दादाबद्दल तसं लिहिणं बरोबर नाही. तो चुकला होता आणि मला त्याची आठवण येते, दोन्ही खरं आहे. आण त्यांना.

तू आली नाहीस तर मी मुंबईला जाणार नाही. ही धमकी नाही. तुला दोष देण्यासाठीही लिहीत नाही. आता मला कळलं आहे की ती का बसते, आणि कळल्यावर मला तिच्यासमोरून उठता येणार नाही, एवढंच आहे. शनिवारपर्यंत वाट बघते. चिपळूणहून सकाळी निघालीस तर रत्नागिरी स्टँडवर तुला जयगडची गाडी मिळेल.

पत्र इथेच संपवणार होते. पण आज सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा पडवीत काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर आई मधल्या खोलीतली दुसरी खुर्ची ओढत बाहेर आणत होती. एकटीने. मी हात लावायला गेले तर मला बाजूला केलं. तिने ती आपल्या खुर्चीसमोर ठेवली, पदराने पुसली, कोपऱ्यात ताडपत्रीतून पाणी ठिबकतं म्हणून थोडी आत घेतली आणि मग आपल्या जागी जाऊन बसली. थोड्या वेळाने मी चहाचे कप घेऊन आले आणि त्या खुर्चीवर बसायला गेले.

ती म्हणाली, "तितं नको. तू पायरीवर बस."

पायरीवर बसलेली तुझी,
दीप्ती